बँटिंगचे पथ्य

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर बँटिंग घराण्याची जुनी पेढी होती. राजघराण्यातल्या आणि बड्या सरदारांच्या अंत्ययात्रांची सारी व्यवस्था ही पेढी बघत असे. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनची आणि १८६१ साली राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याची अंत्ययात्रा याच घराण्याने पार पाडली. या घराण्यातला विल्यम बँटिंग १८६२ च्या ऑगस्टमध्ये पासष्ट वर्षांचा होता. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे आजच्या मापाने जवळजवळ ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधणे त्याला जमत नव्हते. जिना उतरताना घोट्यांना आणि गुडघ्यांना हिसका बसू नये म्हणून तो पाठमोरा, हळूहळू उतरत असे. वजन उतरवण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे धडपड केली होती. नदीवर वल्ही मारली, तर भूकच वाढली. तुर्की पद्धतीची वाफेची स्नाने केली, इंग्लंडमधल्या नामांकित झऱ्यांचे पाणी प्यायला, औषधे घेतली, आणि यातल्या कशानेही वजन टिकून उतरले नाही. शेवटी ऐकू कमी येऊ लागले म्हणून तो विल्यम हार्वे या कानाच्या शल्यवैद्याकडे गेला. हार्वेने कानापेक्षा पोटाकडे पाहिले आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा हे सहा पदार्थ बंद करायला सांगितले. वर्षभरात बँटिंगचे वजन १५६ पौंडांवर आले, कंबर बारा इंचांहून जास्त उतरली, आणि १८६३ साली त्याने स्वतःच्या खर्चाने एक लहान पुस्तिका छापून लोकांना फुकट वाटली. तिचे नाव ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’, म्हणजे स्थूलपणावरचे पत्र.

पिष्टमय पदार्थ खाल्ल्याने वजन उतरायचे थांबते का, हा आजचा घरोघरचा प्रश्न याच पुस्तिकेतून लोकांपर्यंत पोहोचला. त्याआधी तो कुणी मांडलाच नव्हता असे नाही. फ्रान्समध्ये ब्रिया-सावारँ या न्यायाधीशाने खाण्याच्या सुखावर लिहिलेल्या आणि १८२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पीठ आणि पिष्ट हेच लठ्ठपणाचे मुख्य कारण ठरवले होते. पण तो रसिक पंडिताचा ग्रंथ होता. बँटिंगने लिहिले ते दुखणाइताने दुखणाइतासाठी, आकड्यांसह आणि कुठल्या वेळी काय खाल्ले याच्या यादीसह. पुस्तिकेच्या हजारो प्रती खपल्या, परदेशी भाषांत तिची भाषांतरे झाली, आणि इंग्रजीत त्याच्या आडनावाचे क्रियापदच तयार झाले. त्यानंतरची दीडशे वर्षे हेच पथ्य दर पिढीत नव्या नावाने परत येत राहिले आहे. या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. पिष्ट सोडल्याने वजन उतरते हे निरीक्षण बहुतेक वेळा खरे ठरले. पिष्टात चरबी साठवण्याची काही खास शक्ती आहे म्हणून ते उतरते, हे स्पष्टीकरण मात्र कसोटीला लागले तेव्हा टिकले नाही. निरीक्षण आणि स्पष्टीकरण यांची गाठ सोडवल्याशिवाय भात खावा की सोडावा याचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

हार्वेने हा सल्ला कुठून आणला ते पाहण्यासारखे आहे. १८५६ मध्ये त्याने पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची व्याख्याने ऐकली होती. यकृत स्वतः साखर तयार करते, जनावराला नुसते मांस घातले तरी करते, हा बर्नार यांचा शोध त्या काळी ताजा होता, आणि मधुमेहाकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलली होती. मधुमेह्याला मांसाचा आहार देण्याची रीत त्याहून जुनी, जॉन रोलो या स्कॉटिश लष्करी डॉक्टरने १७९७ साली नोंदवलेली. दुसऱ्या बाजूने जनावरे पोसण्याचे शास्त्र होते. पिष्टातून चरबी होते की नाही यावर १८४० च्या दशकात युरोपात मोठा वाद झाला. फ्रान्सचे द्यूमा आणि बूसँगो म्हणत की जनावराच्या अंगातली चरबी ही चाऱ्यातल्या तेलातूनच आलेली असते; जर्मनीचे लीबिख म्हणत की स्टार्च आणि साखर यांच्यापासूनही ती होते. त्यांच्या बाजूचा एक सुंदर पुरावा मधमाश्यांचा होता. जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्यूबर या अंध निसर्गअभ्यासकाने फार आधीच दाखवले होते की नुसत्या साखरेवर ठेवलेल्या माश्याही मेण तयार करतात. पुढे इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेतावर लॉझ आणि गिल्बर्ट यांनी डुकरांच्या चाऱ्याचा आणि चरबीचा काटेकोर हिशेब मांडला. अंगावर चढलेली सारी चरबी चाऱ्यातल्या तेलाने भरून निघत नव्हती, ती पिष्टातूनच आलेली होती. हार्वेने दोन धागे जोडले: डुक्कर पिष्टाने पोसते आणि मधुमेही मांसाने सावरतो, म्हणजे लठ्ठ माणसाचे पिष्ट काढावे. त्या वेळच्या ज्ञानात हा तर्क अगदी सुसंगत होता, आणि त्याबद्दल हार्वेला कमी लेखू नये. फक्त डुकराचे शरीर आणि माणसाचे शरीर या बाबतीत सारखे नाही हे कळायला आणखी शंभर वर्षे लागली. माणसाच्या नेहमीच्या मिश्र जेवणातल्या पिष्टापैकी फारच थोड्याची चरबी होते. शरीर ते आधी जाळते, आणि त्याच ताटातले तूप-तेल तेवढे न जळता साठते. पिष्ट चरबीत बदलत नाही म्हणून ते निर्दोष, असा मात्र याचा अर्थ नाही. एकूण अन्न गरजेपेक्षा जास्त झाले की कुणाच्या तरी नावावर शिल्लक पडतेच.

आता पुस्तिकेतली यादी बारकाईने वाचू. पथ्याआधी बँटिंगचा नाश्ता म्हणजे पाव आणि दूध, किंवा भरपूर दूध-साखर घातलेला चहा आणि लोणी लावलेले टोस्ट. दुपारच्या जेवणात मांस, बिअर, पुष्कळ पाव आणि गोड पेस्ट्री. संध्याकाळचा चहा नाश्त्यासारखाच, आणि रात्री बहुधा फळांचा गोड टार्ट किंवा पुन्हा पाव-दूध. पथ्यानंतर सकाळी चार-पाच औंस मांस किंवा मासा, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा आणि एखादा औंस कोरडा टोस्ट. दुपारी पाच-सहा औंस मासा किंवा मांस, बटाट्याखेरीज कुठलीही भाजी, पुन्हा एक औंस कोरडा टोस्ट आणि दोन-तीन प्याले वाइन. संध्याकाळी थोडी फळे आणि चहा. रात्री तीन-चार औंस मांस किंवा मासा. यात पिष्ट गेले हे खरे, पण गेले ते एवढेच नाही. लोणी गेले, दूध गेले, मांसात डुकराचे आणि माशांत सामन, म्हणजे नेमके चरबीदार प्रकार, वर्ज्य झाले. टोस्टही लोण्याशिवायचा. खाण्याचे माप औंसात ठरले, आणि बिअर व पेस्ट्री एकदम बंद झाली. एकाच वेळी पाच-सहा गोष्टी बदलल्या आणि श्रेय मात्र एकट्या पिष्टाच्या नावावर लिहिले गेले. बँटिंगचे ४६ पौंड म्हणजे सुमारे २१ किलो. एक किलो चरबीच्या मागे साधारण ७,७०० उष्मांक धरले, तर वर्षभरात दिवसाला चारशे चाळीसच्या आसपास उष्मांकांची तूट पडली असा हिशेब निघतो. लोण्याचे दोन जाड टोस्ट, गोड चहा आणि ग्लासभर बिअर एवढ्यात ती सहज भरते. त्याचे वजन का उतरले हे समजण्यासाठी याहून गूढ काही शोधावे लागत नाही.

बँटिंगची पुस्तिका निघाली त्याच १८६३ साली ब्रिटिश सरकारसाठी डॉ. एडवर्ड स्मिथ गरीब कष्टकऱ्यांच्या घरी जाऊन कोण काय आणि किती खातो याची मोजदाद करत होते. त्या देशातली या प्रकारची ही पहिली मोठी पाहणी. शेतमजुराच्या घरी दर प्रौढ माणसामागे आठवड्याला बारा पौंडांच्या आसपास पाव-पीठ खपत होते, म्हणजे साडेपाच किलो. बँटिंगने सोडला तो पाव या माणसांचे जवळजवळ सारे अन्न होता, शिवाय बटाटे. आणि सरकारला चिंता त्यांच्या लठ्ठपणाची नव्हती, ते उपाशी आहेत की काय याची होती. पावामध्येच जाड करणारे काही असते तर हे मजूर इंग्लंडमधली सर्वांत लठ्ठ माणसे ठरली असती. यावर कुणी म्हणेल की ते राबत होते आणि त्यांना पोटभर मिळत नव्हते. हा आक्षेप बरोबरच आहे, आणि मला हेच म्हणायचे आहे: पावाचा परिणाम पावावर ठरत नाही, तो किती, कशासोबत आणि किती कष्टांवर खाल्ला यावर ठरतो. याच साम्राज्याच्या आपल्या टोकाला १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढे माप लावले. दख्खनमध्ये मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्ज केले, मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी हे माप माणसाला जगवणारे नाही असे बजावले. त्या खडी फोडणाऱ्या माणसांचा आहार जवळजवळ निव्वळ पिष्टाचा होता, आणि ती माणसे वाळून मेली. पिष्टाच्या तात्त्विक चर्चेत हा दाखला आणणे मला सोपे वाटत नाही, पण तो टाळून त्या काळाबद्दल खरे बोलता येणार नाही. बँटिंगचे पथ्य मांस, मासे आणि वाइन परवडणाऱ्यांचे पथ्य होते.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकात स्थौल्याचा विचार फार आधी झाला होता, आणि तो या वादात एक वेगळीच बाजू उघडतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोन्ही टोकांच्या माणसांविषयी आहे. स्थौल्याची कारणे म्हणून तिथे अति खाणे, जड, गोड आणि स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप, निश्चिंतपणा आणि जन्मजात प्रकृती अशी यादी येते. त्यापेक्षाही मोलाच्या आहेत तिथल्या अन्नाच्या दोन याद्या. कृश माणसाला अंग धरण्यासाठी नवे धान्य, साळीचा भात, गहू, उडीद, ऊस-गूळ, आणि त्यांच्या जोडीला मांसरस, दही, दूध, तूप सांगितले आहे. स्थूल माणसाला जव, सावा, राळा, हरीक, ‘जूर्णाह्व’ म्हणजे सामान्यतः जोंधळा समजतात ते धान्य, आणि मूग व कुळीथ. दोन्ही याद्यांत धान्य आहे, आणि धान्य म्हणजे बव्हंशी पिष्टच. ज्याने वजन चढते तेही पिष्ट आणि ज्याने उतरते तेही. चरकाचे तत्त्व असे की स्थूलाला पचायला जड पण पोषणाला हलके अन्न द्यावे, म्हणजे पोट भरले असे वाटावे आणि अंगाला फार लागू नये. आजच्या भाषेत कोंड्यासकट भरड धान्य आणि डाळी. चरकाने प्रयोगशाळेत तुलना केली नव्हती, त्यामुळे त्याच्या याद्या हा पुरावा म्हणून मी मांडत नाही. पण पिष्ट ही एकजिनसी वस्तू नाही, साळीचा मऊ भात आणि जोंधळ्याची भाकरी यांना एकाच शब्दात बांधणे चुकीचे आहे, हे त्याने हार्वेच्या कितीतरी शतके आधी ओळखले होते.

युरोपात पुढे काय झाले? १८८२ मध्ये ग्योटिंगेनच्या विल्हेल्म एब्श्टाइन यांनी साखर आणि बटाटे बंद केले पण चरबी मोकळी ठेवली, कारण तिने भूक भागते. म्युनिकच्या ओर्टेल यांनी पाणी कमी प्यायला लावले आणि चढणीवर चालवले. प्रत्येकाचे रोगी बारीक झाले आणि प्रत्येकाला आपले कारण खरे वाटले. त्याच दशकात माक्स रूबनर यांनी दाखवले की ऊर्जेच्या हिशेबात पिष्ट, चरबी आणि प्रथिन एकमेकांची जागा घेऊ शकतात, आणि पुढे अमेरिकेत मिडलटाउनच्या बंद खोलीत ॲटवॉटर यांनी माणसे ठेवून त्यांची उष्णता मोजली. एका ग्रॅम पिष्टाला चार, प्रथिनाला चार आणि चरबीला नऊ उष्मांक हा आज पाकिटांवर छापलेला हिशेब तिथला. मोजमापाचा काटा हाती आल्यावर ‘पिष्टाची खास शक्ती’ तपासणे शक्य झाले, तरी ती कल्पना मेली नाही, कारण तिच्या बाजूने एक जबरदस्त साक्षीदार होता: वजनकाटा. पिष्ट बंद केले की पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात, हे कुणीही स्वतःवर पाहू शकतो. १९५६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलचे केकविक आणि पवन यांनी लठ्ठ रोग्यांना रोज हजार उष्मांकांचे आहार दिले, एकदा नव्वद टक्के चरबीचा, एकदा प्रथिनांचा, एकदा पिष्टाचा. उष्मांक तेवढेच असूनही चरबीच्या आहारावर वजन भराभर उतरले आणि पिष्टाच्या आहारावर फारसे उतरलेच नाही. हा निबंध कमी-पिष्टवाद्यांचा आधारस्तंभ झाला. पण प्रत्येक आहार फक्त काही दिवसांचा होता. शरीर यकृतात आणि स्नायूंत चार-पाचशे ग्रॅम पिष्ट ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते, आणि त्यातला दर ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पिष्ट मिळेनासे झाले की हा साठा आणि त्याचे पाणी निघून जाते, दीड-दोन किलोंचे. १९७६ मध्ये यांग आणि व्हॅन इटली यांनी वजनात नेमके काय उतरले याची छाननी केली. आठशे उष्मांकांच्या दोन आहारांत, पिष्टरहित आणि मिश्र, उतरलेली चरबी जवळजवळ सारखीच निघाली. जास्तीचे उतरलेले वजन पाण्याचे होते. बंद केलेला भात पुन्हा खाल्ला की दोन दिवसांत ‘दोन किलो चढले’ म्हणून माणूस हबकतो, तेही बव्हंशी परत आलेले पाणीच.

पाण्याचे स्पष्टीकरण मिळाले तेव्हा वाद एका हार्मोनवर सरकला होता. १९२१-२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडले. ते शोधणाऱ्यांतल्या प्रमुखाचे आडनावही बँटिंगच. १९६० च्या सुमारास रोझलिन यॅलो आणि सोलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्सुलिन मोजण्याची पद्धत काढली, आणि पिष्ट खाल्ल्यावर ते चढते, चढलेले असताना चरबी पेशींत अडकून राहते, हे आकड्यांत दिसू लागले. १९७२ मध्ये रॉबर्ट ॲटकिन्स यांनी याच पायावर आपले पुस्तक लिहिले. उष्मांक मोजू नका, पिष्ट सोडा, इन्सुलिन उतरले की चरबी वितळेल. महाराष्ट्रात नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून आलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव पोहोचवलेली दोन वेळांची जीवनशैली ही वेगळी आहे. तिथे भात-भाकरीवर बंदी नाही, गोडाला आणि मधल्या खाण्याला आहे, कारण प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते. पण तर्काचा कणा तोच, इन्सुलिनचा. दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवायचे आणि मधला चिवडा, बिस्किटे, साखरेचा चहा बंद करायचा, तर खाणे आपोआप किती आटते हे मराठी घरातल्या कुणालाही समजावून सांगावे लागणार नाही. या पथ्याने बारीक झालेल्यांचा अनुभव खरा मानायला मला अडचण नाही. अडचण आहे ती श्रेय कुणाला द्यायचे याची.

इन्सुलिनचा तर्क खरा असेल तर पिष्टावरच्या माणसाचे वजन उतरता कामा नये. याच्या अगदी उलट दाखला अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झाला. जर्मनीतून आलेले डॉ. वॉल्टर केम्पनर यांनी १९४० च्या सुमारास उच्च रक्तदाबाच्या रोग्यांना भात, फळे, फळांचे रस आणि साखर एवढ्यावर ठेवले. जवळजवळ सारेच पिष्ट आणि साखर, मीठ आणि चरबी नावाला. १९७५ मध्ये त्यांनी १०६ अतिलठ्ठ रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतल्या प्रत्येकाचे वजन किमान ४५ किलोंनी उतरले होते. भाताने. केम्पनर यांचे पथ्य अत्यंत कठोर होते, देखरेख करडी होती, आणि यशस्वी ठरलेल्यांचाच तो अहवाल होता, म्हणून भाताला मी औषध म्हणत नाही. पण बँटिंगच्या मांसाने आणि केम्पनरच्या भाताने एकच काम केले. दोघांनी ताटाला कुंपण घातले आणि लोणी-पाव, तूप-साखर, तळलेले पीठ ही चविष्ट जोडी मोडली. नुसता उकडलेला भात पोटभर झाल्यावर आणखी खाववत नाही, नुसते भाजलेले मटणही नाही. चरबी, पीठ आणि साखर एकत्र आल्यावर हात थांबत नाही.

एकेकट्या डॉक्टरांच्या रोग्यांवर विसंबावे लागू नये म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठ्या तुलना झाल्या. २००३ मध्ये ६३ लठ्ठ माणसांत ॲटकिन्सचा आहार आणि कमी चरबीचा आहार यांची गाठ घालून दिली गेली. सहा महिन्यांपर्यंत ॲटकिन्सवाले स्पष्ट पुढे होते, वर्षाअखेरीस फरक उरला नाही. २००९ मध्ये ८११ माणसांवर पिष्टाचे प्रमाण ३५ ते ६५ टक्के ठेवून दोन वर्षे पाहिले. सगळ्या गटांचे वजन जवळपास सारखेच, चार किलोंच्या आसपास उतरले. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ माणसांची वर्षभराची तुलना प्रसिद्ध केली. कमी पिष्टावर सरासरी ६ किलो आणि कमी चरबीवर ५.३ किलो, म्हणजे ठरवून म्हणता येईल असा फरक नाही; आणि कुणाचे इन्सुलिन जास्त स्रवते यावरून कुणाला कुठला आहार लागू पडेल हेही सांगता आले नाही. त्याच वेळी एकाच गटात कुणी तीस किलोंपर्यंत बारीक झाले आणि कुणाचे वजन चक्क वाढले. दोन पथ्यांतल्या फरकापेक्षा माणसामाणसांतला फरक कितीतरी मोठा निघाला. सर्वांत टोकदार प्रयोग केविन हॉल यांचा, २०२१ चा. वीस माणसांना संशोधन संस्थेतच ठेवून दोन आठवडे पिष्टबहुल, कमी चरबीचा शाकाहार आणि दोन आठवडे पिष्ट जवळजवळ नसलेला मांसाहार, दोन्ही हवे तेवढे, असा तो बेत होता. पिष्टाच्या आहारावर रक्तातली साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त चढले, आणि तरीही माणसांनी दिवसाला ६८९ उष्मांक कमी खाल्ले. इन्सुलिन चढले की भूक भडकते आणि माणूस जास्त खातो, हा अंदाज इथे सपशेल चुकला.

यावरचे दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला कारा एबेलिंग आणि डेव्हिड लुडविग यांच्या २०१८ च्या प्रयोगाचा. १६४ माणसांनी आधी वजन उतरवले आणि मग ते टिकवण्याच्या काळात पिष्ट कमी असलेल्या गटाचा ऊर्जाखर्च दिवसाला सुमारे २०९ उष्मांकांनी जास्त भरला. खरोखर एवढा फायदा होत असेल तर वर्षानुवर्षांत तो डोंगराएवढा व्हायला हवा, आणि वर सांगितलेल्या एक-दोन वर्षांच्या तुलनांत तो दिसला पाहिजे. तो दिसत नाही, आणि खर्च मोजण्याच्या पद्धतीवरही तज्ज्ञांत वाद आहे. दुसरा आक्षेप मधुमेहाचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. रक्तातली साखर आवरायची तर पिष्ट कमी करण्याचा परिणाम थेट आणि लवकर होतो, वजन उतरो न उतरो. रोलोपासूनची परंपरा तिथे बरोबर होती. भारतीय ताटाबद्दल हे विशेष महत्त्वाचे आहे. आयसीएमआर-इंडिआब या देशव्यापी पाहणीच्या २०२५ च्या निष्कर्षांनुसार आपल्या उष्मांकांपैकी ६२ टक्के पिष्टातून येतात, मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेला गहू आणि साखर यांतून. त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट माझ्या चरकाच्या दाखल्याला अडचणीची आहे: पांढऱ्या तांदळाच्या जागी तेवढेच गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ खाल्ल्याने मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही, पिष्टातला थोडा भाग काढून तिथे डाळी-दुधातले प्रथिन आल्यावर तो कमी दिसला. ही एका वेळची पाहणी आहे, प्रयोग नव्हे, तरी ती डावलणे अप्रामाणिकपणाचे होईल. चरकाच्या यादीत भरड धान्यांच्या शेजारी मूग आणि कुळीथ आहेत हे विसरून नुसती ज्वारी उचलली आणि ती बारीक दळून तेवढ्याच भाकऱ्या खाल्ल्या, तर पदरात फार पडणार नाही, एवढे या निष्कर्षावरून घ्यावे लागते. आपल्याकडच्या जेवणात भात सोडल्याने वजन उतरण्याची खरी जागाही मला इथेच दिसते: भाताचा डोंगर आणि आमटीचे चार थेंब या प्रमाणातला डोंगर कमी होतो, आणि त्याच्या जागी उसळ, दही, भाजी किंवा मासा आला तर भूकही लवकर भागते. जागा रिकामीच राहिली तर दोन आठवड्यांत भात परत येतो.

बँटिंगच्या बाबतीत ती जागा भरलेली होती, आणि म्हणूनच बहुधा त्याचे वजन टिकले. पुस्तिकेच्या १८६९ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत तो आपले वजन आणि लोकांची पत्रे नोंदवत होता. डॉक्टरांनी त्याला झोडपले; ‘यात नवे काही नाही, आणि आपला धंदा सोडून वैद्यकात लुडबुड कशाला?’ असे सुनावले. पुस्तिकेच्या पुढच्या, विकल्या गेलेल्या आवृत्त्यांचा नफा त्याने धर्मादाय कामांना दिला. हार्वेने स्वतःचे पुस्तक १८७२ मध्ये लिहिले, तोवर पथ्य रोग्याच्या नावाने चालू झाले होते. बँटिंग १८७८ मध्ये, एक्क्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. इंग्रजीतले त्याच्या नावाचे क्रियापद हळूहळू मागे पडले, पण स्वीडिश भाषेने ते उचलले आणि तिथे ‘बांटा’ हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. त्याचा अर्थ वजन उतरवण्यासाठी खाणे कमी करणे, मग ते पाव सोडून असो की चरबी सोडून. आणि सरकारने खर्चाला कात्री लावली तरी स्वीडिश वर्तमानपत्रे हाच शब्द वापरतात.